हार्ट फेल्युअरच्या रुग्णात फुप्फुसाची सोनोग्राफी : रेघा मोजण्याआधी आणि मोजल्यानंतर

रात्री साडेअकराला मोबाइलवर चार सेकंदांचा व्हिडिओ येतो. पांढऱ्या रेघांनी भरलेला पडदा आणि खाली एकच ओळ : "सर, बी-लाइन्स आहेत ना? लॅसिक्स वाढवू का?" तालुक्याच्या ठिकाणी काम करणारे तरुण डॉक्टर असे व्हिडिओ मला महिन्यातून पाच-सहा वेळा पाठवतात आणि बहुतेक वेळा मला उत्तर देता येत नाही. छातीचा कोणता भाग, रुग्ण बसलेला की आडवा, डेप्थ (पडद्यात दिसणारी खोली) किती, कालच्या मानाने रेघा वाढल्या की घटल्या, यातलं काहीच त्यात नसतं.

बी-लाइन म्हणजे फुप्फुसात पाणी उतरल्यावर सोनोग्राफीत दिसणारी उभी पांढरी रेघ, आणि लॅसिक्स म्हणजे फ्युरोसेमाइड, लघवीवाटे पाणी काढणारं औषध (डाययुरेटिक). बी-लाइन ओळखायला अर्ध्या दिवसात येते. चुका होतात त्या तिच्या आधीच्या तयारीत आणि नंतरच्या निर्णयात. म्हणून ही सगळी प्रक्रिया ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने लिहितो. लेख मेडिकल ऑफिसर, मेडिसिनचे रेसिडेंट आणि आयसीयूत रात्रपाळी करणाऱ्यांसाठी आहे. रुग्णाच्या घरच्यांनी तो वाचून गोळ्या कमी-जास्त करू नयेत, एवढी विनंती.

टप्पा १ : मशीन हातात घेण्याआधीचा कागद

आधी कायद्याचं. सोनोग्राफी मशीन फक्त छातीसाठी वापरायचं असलं तरी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली (१९९४) त्याची नोंदणी लागते. मोबाइलला जोडायचा मुठीएवढा प्रोबही त्यात आला. 'मी कुठं पोटाची सोनोग्राफी करतोय' हे उत्तर चालत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. आपल्याकडे या कायद्याची तपासणी कडक असते आणि ती असायलाच हवी. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, मशीन कोणत्या जागेसाठी नोंदलं आहे आणि ते वापरायचा अधिकार कोणाला आहे, हे आपल्या समुचित प्राधिकाऱ्यांकडून लेखी करून घ्या. मित्राचा प्रोब खिशात घालून दुसऱ्या दवाखान्यात जाऊन तपासणी करू नका.

टप्पा २ : सेटिंग

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि त्या कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

प्रोब कर्व्हिलिनियर घ्या, म्हणजे पोटासाठी वापरतो तोच. इकोचा फेज्ड अ‍ॅरे प्रोबही चालतो. लिनियर प्रोबवर फक्त प्लुरल लाइन (फुप्फुसाच्या आवरणाची पांढरी रेघ) जवळून बघायची; मोजणी त्यावर करू नका, कारण त्याची नजर खोल जात नाही आणि रेघ तळापर्यंत पोचते की मध्येच विझते ते कळत नाही. आज ज्या प्रोबने मोजलं, उद्याही त्याच प्रोबने मोजायचं. प्रोब बदलला की आकडा बदलतो.

डेप्थ १६ ते १८ सेंमी ठेवा. ८ सेंमीवर ठेवलेल्या पडद्यात प्रत्येक आखूड रेघ 'तळापर्यंत गेलेली' दिसते, आणि निरोगी माणसाच्या फुप्फुसातही पाणी सापडायला लागतं. फोकस प्लुरल लाइनवर आणा. गेन (चित्राचा उजळपणा) एवढाच ठेवा की प्लुरल लाइन ठळक पांढरी आणि तिच्या खालचा भाग काळसर राहील.

आता महत्त्वाचं. हल्लीच्या मशीनमध्ये पोटाच्या प्रीसेटवर (आधीच ठरवलेल्या सेटिंगवर) कंपाउंड इमेजिंग आणि टिश्यू हार्मोनिक्स आपोआप सुरू असतात. चित्र गुळगुळीत करणं, त्यातले खोटे ठसे पुसणं हेच त्यांचं काम. बी-लाइन हा मुळात तसाच एक खोटा ठसा आहे आणि आपल्याला नेमका तोच बघायचा आहे. मशीनमध्ये 'लंग' प्रीसेट असेल तर तो घ्या. नसेल तर ही दोन्ही बटणं स्वतः बंद करा. बटण सापडत नसेल तर कंपनीच्या इंजिनिअरला फोन करून विचारा. एकदाच पाच मिनिटं जातात.

*तपासून बघा :* स्वतःच्या छातीवर, उजव्या बाजूला दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मध्ये प्रोब ठेवा. प्लुरल लाइन सरकताना आणि तिच्याखाली सारख्या अंतरावर आडव्या ए-लाइन्स दिसल्या पाहिजेत. तिथे उभ्या रेघांचं रान दिसत असेल तर सेटिंग चुकलंय. रुग्णाकडे वळू नका.

लाइट जाण्याचं आपल्याकडे नवल नाही. मशीनची बॅटरी किती वेळ टिकते ते आधीच बघून ठेवा, आणि क्लिप साठवल्याशिवाय पुढच्या भागाकडे सरकू नका.

टप्पा ३ : रुग्णाची बैठक

आडवं झोपवल्यावर बी-लाइन्स जास्त दिसतात, बसवल्यावर कमी. काल रात्री धाप लागलेला माणूस बसलेला होता आणि आज बरं वाटतंय म्हणून आडवा झोपवून तपासला, तर औषध लागू पडूनही आकडा 'वाढलेला' येऊ शकतो. उलटंही होतं : काल आडवा, आज बसलेला आणि आकडा घटल्याचा खोटा आनंद.

मी बहुतेक सगळ्यांना अर्धवट रेलून, साधारण ४५ अंशांवर ठेवतो. धाप असलेल्याला ते सोसतं आणि सुटीच्या दिवशीही तीच बैठक देता येते. ज्याला तेवढंही रेलता येत नाही त्याला बसलेलंच तपासा, पण कागदावर 'बसलेला' असं लिहा. मोजणीसाठी कोणालाही जबरदस्तीने आडवं करू नका. पल्मनरी एडीमाच्या रुग्णाला सपाट झोपवल्यावर दोन मिनिटांत खेळ हाताबाहेर जातो.

ऊसतोडीवरून परतलेल्या, चाळिशीच्या आसपासच्या एका बाईंची तपासणी सांगतो. रुमॅटिक तापाने मायट्रल व्हॉल्व्ह आकसलेला, कारखान्यावर असताना महिनाभर गोळ्या बंद. "सायेब, आडवं होताच येईना. उशाला गाठोडं घेऊन बसूनच रात काढायलेय." अशा वेळी सिस्टरला सोबत घ्यायचं, पडदा ओढायचा, छातीवर चादर टाकायची आणि जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडायचा. बाईंच्या बाबतीत 'सोनोग्राफी' हा शब्द ऐकून सासू दारातून आत आली. म्हणून आधीच सांगायचं : "मावशी, पोटाचं काही नाही. फुप्फुसात पाणी उतरलंय का, तेवढं बघायचंय. दुखणार नाही." स्तन बाजूला घ्यायचा असेल तर तो रुग्णाला स्वतःच्या हाताने घ्यायला सांगा. घाईत प्रोब साडीवरून किंवा बनियनवरून फिरवलेला मी पाहिला आहे. कापडातली हवा आवाज अडवते आणि खालचं काहीच खरं दिसत नाही.

जेल भरपूर लावा. धाप लागलेला माणूस घामाने निथळलेला असतो. आधी कोरड्या कापडाने छाती पुसा, नाहीतर प्रोब घसरत राहतो.

टप्पा ४ : आठ भाग, ठरलेल्या क्रमाने

प्रत्येक बाजूचे चार भाग करा. छातीच्या हाडापासून पुढच्या काखरेषेपर्यंतचा पुढचा भाग. पुढच्या काखरेषेपासून मागच्या काखरेषेपर्यंतचा बाजूचा भाग. प्रत्येकाचे वरचा आणि खालचा असे दोन. एकूण आठ. अठ्ठावीस जागांची पद्धतही आहे, पण ती संशोधनाला ठीक. रात्रपाळीत आठ पुरे होतात.

क्रम एकच ठेवा : उजवा पुढचा वर, पुढचा खाली, बाजूचा वर, बाजूचा खाली, मग डावीकडे तसंच. क्रम पाठ झाला की एखादा भाग सुटत नाही. मला येणाऱ्या व्हिडिओंपैकी बरेच फक्त पुढच्या दोन जागांचे असतात, कारण बाजूला जायला रुग्णाचा हात वर करावा लागतो. पाणी जडपणामुळे खाली आणि बाजूला आधी साठतं. हलक्या कंजेशनमध्ये (पाणी साठण्यात) पुढचे चारही भाग कोरडे आणि बाजूचे ओले, असं चित्र अनेकदा दिसतं. बाजू न बघता 'फुप्फुस कोरडं' लिहिणं म्हणजे ओसरीतून बघून घर रिकामं आहे म्हणणं.

डाव्या पुढच्या खालच्या भागात बऱ्याचदा हृदयच समोर येतं. प्रोब थोडा बाहेरच्या बाजूला सरकवा. तरीही फुप्फुस सापडलं नाही तर त्या रकान्यात 'दिसलं नाही' असं लिहा. शून्य लिहू नका. बँडेज, आयसीडी, जळलेली कातडी असेल तिथेही हाच नियम.

प्रोब छातीला काटकोनात धरा, खूण डोक्याकडे. वरची बरगडी, खालची बरगडी आणि मध्ये किंचित खोल चमकणारी प्लुरल लाइन असं पंख पसरलेल्या वटवाघळासारखं चित्र दिसलं की थांबा. प्रोब तिरका असेल तर प्लुरल लाइन पुसट होते आणि बी-लाइन्स गायब होतात. लाइन सर्वांत ठळक दिसेपर्यंत मनगट हळूच हलवा. प्रत्येक भागात सहा सेकंदांची क्लिप साठवा, म्हणजे एक पूर्ण श्वास त्यात येतो. दोन सेकंदांच्या क्लिपमध्ये दिसलेल्या रेघा कमीच भरतात.

टप्पा ५ : मोजू नका, आधी प्लुरल लाइन बघा

हा टप्पा सगळे गाळतात. पडद्यावर नजर पडताच ती उभ्या पांढऱ्या रेघांकडे जाते. तिला आवरा आणि पहिले दोन श्वास फक्त प्लुरल लाइनकडे बघा.

हृदयाच्या आजाराने पाणी झालेल्या फुप्फुसात ही लाइन बारीक, सलग आणि गुळगुळीत असते. श्वासाबरोबर ती छान सरकते. दोन्ही बाजूंना चित्र साधारण सारखं असतं आणि वरून खाली जाताना रेघा वाढत जातात.

लाइन खरबरीत असेल, जागोजागी तुटलेली असेल, तिच्या लगत छोटे काळे खड्डे असतील, एका भागात दाट रेघा आणि शेजारच्याच भागात स्वच्छ ए-लाइन्स असतील, सरकणं मंद किंवा बंद असेल, तर थांबा. न्यूमोनिया, एआरडीएस (फुप्फुसाला झालेली तीव्र इजा), फायब्रोसिस (फुप्फुस कडक होणं), जुना टीबी यातलं काहीतरी समोर आहे. मराठवाड्यात टीबी बरा होऊन मागे डाग राहिलेली फुप्फुसं काही कमी नाहीत. ती बहुधा एका बाजूला, वरच्या भागात आणि आकसलेली असतात. त्या भागातल्या रेघा हार्ट फेल्युअरच्या हिशेबात धरू नका.

ही चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या काळात सत्तरीचे एक आजोबा आले. जुन्या इकोत पंपिंग ४० टक्के, धाप वाढलेली, आठही भागांत बी-लाइन्स. मी तीन दिवस फ्युरोसेमाइड वाढवत गेलो. पायावर सूज नव्हती, मानेची शीर फुगलेली नव्हती, पोटातली मोठी शीर श्वासागणिक मिटत होती. हे सगळं दिसत होतं, पण मी रेघांकडेच बघत होतो. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.२ वरून २.६ वर गेलं आणि रेघ एकही कमी झाली नाही. नंतर सीटी केला तर दोन्ही फुप्फुसांत फायब्रोसिस. त्या रात्री पहिल्या दिवसाच्या क्लिप पुन्हा काढल्या. प्लुरल लाइन करवतीच्या पात्यासारखी होती. ती पहिल्या मिनिटापासून पडद्यावर होती. आजोबा सावरले, पण त्यांच्या किडनीला मी दिलेला त्रास मला अजून आठवतो. म्हणून हा टप्पा मोजणीच्या आधी ठेवला आहे.

*सावधान :* दोन दिवस लघवी भरपूर झाली, वजन उतरलं, तरी रेघा जशाच्या तशा असतील तर डोस वाढवण्याआधी निदानावर शंका घ्या.

टप्पा ६ : मोजणी

खऱ्या बी-लाइनच्या अटी या. ती प्लुरल लाइनपासून निघते, वर कातडीपासून नाही. लेझरच्या झोतासारखी सरळ, न विझता पडद्याच्या तळापर्यंत जाते. प्लुरासोबत डोलते. वाटेतल्या ए-लाइन्स पुसून टाकते. प्लुरापासून निघून दोन-तीन सेंमीवर विझणाऱ्या आखूड रेघा निरोगी माणसातही असतात. त्या मोजायच्या नाहीत. कातडीखाली हवा शिरलेली असेल तर प्लुराच्या वरूनच उभ्या रेघा निघतात आणि बरगड्या दिसतच नाहीत. तिथे मोजणीचा विषयच नाही, न्यूमोथोरॅक्सचा (फुप्फुसाभोवती हवा शिरण्याचा) विचार करा.

क्लिप पुढे-मागे करा आणि ज्या एका फ्रेममध्ये सर्वांत जास्त रेघा दिसतात ती निवडा. दोन बरगड्यांमधल्या एकाच फटीतल्या रेघा मोजा. त्या एकमेकींत मिसळून पांढरा पडदा झाला असेल तर प्लुरल लाइनखालची किती टक्के जागा पांढरी आहे त्याचा अंदाज घ्या आणि दहाने भागा. साठ टक्के पांढरं म्हणजे सहा. एका भागाला जास्तीत जास्त दहा.

एका फटीत तीन किंवा जास्त रेघा असतील तर तो भाग 'पॉझिटिव्ह'. अचानक धाप लागून आलेल्या रुग्णात दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन किंवा जास्त भाग पॉझिटिव्ह असतील तर पाण्याची शक्यता दाट. भरतीच्या वेळी हा नियम वापरा. रोजच्या तुलनेसाठी मात्र आठही भागांची बेरीज लिहा, कारण 'पॉझिटिव्ह'वरून 'पॉझिटिव्ह'वरच राहिलेल्या भागात दहाच्या चार रेघा झाल्या असतील तर ती सुधारणा नियमात दिसत नाही, बेरजेत दिसते.

बाजूच्या खालच्या भागात, डायफ्रामच्या अगदी वर एक-दोन रेघा निरोगी माणसातही सापडतात. तेवढ्यावरून औषध सुरू करू नका.

त्या बाईंची भरतीच्या वेळची नोंद अशी होती : उजवीकडे ४, ६, ५, ८, डावीकडे ३, दिसलं नाही, ५, ७. एकूण ३८, सात भागांतून, बसलेल्या अवस्थेत. 'सात भागांतून' हे शब्द लिहिले नसते तर दोन दिवसांनी आठ भागांच्या बेरजेशी तुलना झाली असती.

टप्पा ७ : तळाशी साचलेलं पाणी वेगळं

बी-लाइन म्हणजे फुप्फुसाच्या आतलं पाणी आणि इफ्युजन म्हणजे फुप्फुसाभोवतीचं. घरच्यांशी बोलताना दोन्हींना आपण 'छातीत पाणी' म्हणतो, पण कागदावर वेगळं लिहा. मागच्या काखरेषेत प्रोब खाली न्या, डायफ्राम शोधा, उजवीकडे लिव्हर आणि डावीकडे स्प्लीन. डायफ्रामच्या वर काळी पट्टी आणि तिच्यामागे मणक्याची रेघ छातीतही पुढे चालू दिसली तर पाणी आहे. निरोगी माणसात हवेच्या पडद्यामुळे ती डायफ्रामपाशीच संपते.

हार्ट फेल्युअरचं पाणी सहसा दोन्ही बाजूंना किंवा उजवीकडे जास्त, आणि स्वच्छ काळं असतं. एकाच बाजूला, जाळ्या पडलेलं, गढूळ पाणी आणि संध्याकाळचा ताप असेल तर लॅसिक्सने ते जाईल अशी वाट बघू नका. टीबीच्या दिशेने तपासणी सुरू करा.

टप्पा ८ : फुप्फुसावरून हात काढा, बाकीचा माणूस बघा

फुप्फुस डाव्या बाजूच्या दाबाची कथा सांगतं. उजव्या बाजूची ते सांगत नाही. पाय मांडीपर्यंत सुजलेले, पोटात पाणी, आणि फुप्फुसात एकही बी-लाइन नाही असे रुग्ण आपल्याकडे रोज येतात. त्यांच्यात आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आजी बऱ्याच असतात. अशांना 'कंजेशन नाही' म्हणून परत पाठवणं ही मोठी चूक आहे. फुप्फुस कोरडं असलं तरी शरीर ओलं असू शकतं.

म्हणून त्याच प्रोबने लगेच इन्फिरिअर व्हीना केव्हा, म्हणजे पोटातली मोठी शीर, बघा. २.१ सेंमीपेक्षा जास्त रुंद आणि जोरात नाकाने श्वास ओढल्यावर निम्म्यापेक्षा कमी मिटणारी शीर म्हणजे उजवीकडचा दाब वाढलेला. २.१ किंवा कमी आणि निम्म्याहून जास्त मिटणारी म्हणजे दाब नॉर्मलच्या जवळ. मग मानेची शीर, पायाची सूज, वजन, रक्तदाब, ऑक्सिजन.

ओलं फुप्फुस, भरलेली शीर : पाणी काढायचं. ओलं फुप्फुस, रिकामी शीर, रक्तदाब २००च्या वर : अंगात पाणी फार नसेलही, दाबाने ते फुप्फुसात ढकललं गेलंय, आधी नायट्रेट देऊन रक्तदाब खाली आणायचा. ओलं फुप्फुस, रिकामी शीर, रक्तदाब कमी किंवा ताप : पुन्हा टप्पा ५ वर जा. मायट्रल स्टेनोसिसमध्ये (आकसलेल्या मायट्रल व्हॉल्व्हमध्ये) नाडीचा वेग आवरल्याशिवाय नुसतं डाययुरेटिक पुरत नाही. त्या बाईंची नाडी १४० होती आणि अर्धं काम नाडी खाली आणण्याने झालं.

एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून सोनोग्राफीतल्या रेघा नाकारू नका. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात हार्ट फेल्युअर पकडण्याची सोनोग्राफीची संवेदनशीलता ८८ टक्के आणि एक्स-रेची ७३ टक्के होती. दोघांची विशिष्टता (आजार नसलेल्याला 'नाही' म्हणण्याचं प्रमाण) मात्र सारखीच, ९० टक्के. खोट्या होकाराची जोखीम दोन्हीकडे आहे.

डोसबद्दल थोडक्यात. आधीपासून गोळी चालू असेल तर रोजच्या तोंडी डोसच्या एक ते दोन पट शिरेतून. पहिल्या सहा तासांत लघवी तासाला १०० ते १५० मिलीपेक्षा कमी असेल तर डोस दुप्पट. २०२१ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. हा निर्णय लघवीवरून घ्यायचा आहे. सहा तास थांबून रेघा मोजल्यावर ठरवतो, असं करू नका. आणि समोर माणूस धापतोय तर सोनोग्राफीसाठी पहिलं इंजेक्शन थांबवू नका.

टप्पा ९ : पुन्हा, आणि सुटीच्या दिवशी नक्की

एका दिवसाचा आकडा म्हणजे एक फोटो. भरतीच्या वेळी, चोवीस तासांनी आणि सुटीच्या आदल्या दिवशी, अशी निदान तीनदा मोजणी करा. डायलिसिसवरच्या रुग्णात तर पाणी काढता काढताच रेघा घटताना दिसतात. म्हणजे बदल दिसायला आठवडा लागत नाही.

सुटीच्या वेळची तपासणी सर्वांत जास्त गाळली जाते. धाप गेली, माणूस वरांड्यात चालतोय, नातेवाईक एसटीच्या वेळेची चौकशी करतायत. आणि बाजूच्या खालच्या भागांत अजून रेघा आहेत. असा रुग्ण लवकर परत येण्याची शक्यता जास्त असते. बाईंची चौथ्या दिवशीची बेरीज ११ होती, नऊ रेघा बाजूच्या खालच्या दोन भागांत. टोळीच्या मुकादमाचा फोन येत होता, नवरा बिल विचारत होता. मी त्यांना पडदा दाखवला. "दादा, हे वरचं बघा, इथं आडव्या रेघा आहेत, हे सुकलंय. हे खालचं अजून ओलं आहे." ते दोन दिवस थांबले. सहाव्या दिवशी बेरीज ३ झाली. पडदा दाखवून सांगितलेलं लोकांना पटतं, हा माझा अनुभव आहे.

बेरीज शून्यच व्हायला हवी असा हट्ट नको. रक्तदाब पडतोय, क्रिएटिनिन चढतंय, शीर मिटतेय आणि दोन-तीन रेघा उरल्यात, तर त्यांच्यामागे लागून किडनी घालवू नका.

सुटीनंतर दोन आठवड्यांत पुन्हा बोलवा. ओपीडीतल्या रुग्णात आठ भागांत मिळून तीन किंवा जास्त रेघा असणं हे पुढच्या त्रासाचं लक्षण आहे, जरी स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नसलं तरी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२३ रुग्णांच्या एका चाचणीत, ओपीडीत रेघा बघून औषध ठरवल्याने तातडीच्या फेऱ्या कमी झाल्या. मृत्यू कमी झाल्याचं त्यात सिद्ध झालं नाही, तेव्हा घरच्यांना तसं आश्वासन देऊ नका.

टप्पा १० : नोंद

तारीख, वेळ, बैठक, प्रोब, डेप्थ, आठ रकाने, इफ्युजन, शिरेची रुंदी, शेवटचा डाययुरेटिक डोस किती वाजता. एवढं केस पेपरवर एका आडव्या ओळीत बसतं. मला व्हिडिओ पाठवायचा असेल तरी हीच ओळ सोबत लिहा; मग रात्री साडेअकरालाही उत्तर देता येईल.

प्रोबवरचं जेल लगेच पुसा. वाळलेलं जेल निघत नाही आणि पुढच्या रुग्णाला जंतू मिळतात. स्पिरिट प्रत्येक प्रोबला चालत नाही, काचेसारखा पुढचा भाग त्याने खराब होऊ शकतो. कंपनीच्या पुस्तिकेत बघून त्यातलंच जंतुनाशक वापरा.

आपल्याकडचे बरेच रुग्ण दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पुढचे पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा कर्नाटकात असतात. दोन आठवड्यांनी बोलावलेला माणूस तेव्हा तीनशे किलोमीटरवर फडात असतो. त्यांच्यासाठी मी एक जाड कार्ड करतो. त्यावर निदान, गोळ्यांची नावं, सुटीच्या दिवशीचं वजन, आठ रकाने आणि 'रेलून, ४५ अंश' एवढं लिहितो, म्हणजे तिथल्या डॉक्टरला तुलना करता येते. खाली मोठ्या अक्षरात : दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं किंवा रात्री उठून बसावं लागलं तर तिथेच दवाखाना गाठा, गावी यायची वाट बघू नका. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोळ्यांच्या पुडीसोबत बांधून द्यायचं, कारण कोपीत पाऊस शिरतो आणि साधा कागद टिकत नाही.